कर्करोगाचं मूलभूत संशोधन आणि सरकारी अनुदान : कोकणातून वारंवार येणारे प्रश्न

पालघरपासून सावंतवाडीपर्यंतच्या कॉलेजांतले प्राध्यापक, एमएस्सीची मुलं, सरकारी रुग्णालयांतले डॉक्टर आणि अधूनमधून पेशंटचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. योजनांच्या अटी बदलत राहतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी चालू जाहिरात वाचाच.

१. मूलभूत संशोधन म्हणजे औषध शोधणं नाही का?

नाही. पेशी वाढायची कधी थांबते, डीएनए तुटला की तो कोण सांधतं, गाठीतली पेशी रक्तात उतरून यकृतात जाऊन कशी रुजते, या प्रश्नांची उत्तरं शोधणं म्हणजे मूलभूत संशोधन. औषध त्यातून पुढे निघू शकतं, पण प्रस्तावात त्याचं वचन द्यावं लागत नाही. उलट "तीन वर्षांत औषध तयार करू" असं लिहिलेला प्रस्ताव परीक्षक बाजूला ठेवतात, कारण तीन वर्षांत ते होत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

२. कर्करोगाच्या संशोधनासाठी सरकारचं एकच खातं आहे का?

अमेरिकेत आहे. तिथे १९३७ च्या कायद्याने नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि तिच्यात कर्करोगाच्या जीवशास्त्रासाठी स्वतंत्र विभाग आहे. आपल्याकडे असं एक दार नाही, चार-पाच दारं आहेत.

१९८६ पासून चालणारा जैवतंत्रज्ञान विभाग, म्हणजे डीबीटी, हे त्यातलं पहिलं. दुसरी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर. तिची मुळं १९११ पर्यंत जातात. तिसरी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे एएनआरएफ. २०२३ च्या कायद्याने ती आली आणि संशोधनाला अनुदान देणारं जुनं मंडळ, एसईआरबी, तिच्यात विलीन झालं. शिवाय वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, आहे आणि अणुऊर्जा विभाग आहे. अणुऊर्जेचं नाव वाचून लोक चमकतात, पण टाटा मेमोरियल १९६२ पासून त्याच विभागाकडे आहे.

एक नावाचा घोटाळा टाळा. हरयाणात झज्जरला एम्सची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. ते रुग्णालय आहे, अनुदान वाटणारी संस्था नव्हे.

३. मग आमचा प्रस्ताव नेमका कुठे पाठवायचा?

विषयात "कर्करोग" हा शब्द आहे म्हणून दार ठरत नाही, प्रश्नाच्या जातीवरून ठरतं. पेशीच्या आतली यंत्रणा, जनुकं, प्रथिनं असा प्रश्न असेल तर डीबीटी किंवा एएनआरएफ. पेशंटचे नमुने, निदान, लोकसंख्या, तंबाखू असं असेल तर आयसीएमआर. रेणू तयार करणं, त्याची रचना बदलून पाहणं असा रसायनशास्त्राकडे झुकणारा प्रश्न असेल तर सीएसआयआर किंवा एएनआरएफ. नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांसाठी एएनआरएफची प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आहे: ३ वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत. वयाची आणि रुजू होऊन किती काळ झाला याची अट त्यात असते, ती आधी तपासा.

एकच प्रस्ताव एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. अर्जात तशी घोषणा सही करून द्यावी लागते आणि परीक्षक बहुतेक वेळा तेच ते असतात.

४. इंट्राम्युरल आणि एक्स्ट्राम्युरल यात फरक काय? खारघरचं अ‍ॅक्ट्रेक कुठल्या खान्यात?

सरकार स्वतःच्या संस्थेला थेट पैसे देऊन जे काम करवतं ते इंट्राम्युरल, बाहेरच्यांना स्पर्धेतून देतं ते एक्स्ट्राम्युरल. अ‍ॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र) पहिल्या खान्यात, तुमचं कॉलेज दुसऱ्या. अ‍ॅक्ट्रेकचे शास्त्रज्ञ मात्र बाहेरच्या प्रकल्पांसाठीही अर्ज करतात आणि तिथेच तुमचा शिरकाव होऊ शकतो (पाहा प्रश्न ५).

ही संस्था कोकणातच, रायगड जिल्ह्यात आहे, हे बरेच जण विसरतात. १९५२ साली मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर म्हणून तिची सुरुवात झाली, पुढे ती टाटा मेमोरियलशी जोडली गेली आणि २००२ मध्ये खारघरला आली. पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर. आडनावातली खानोली वेंगुर्ले तालुक्यातली. याच संस्थेत डॉ. कमल रणदिवे यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

५. आमचं कॉलेज संस्थेचं, अनुदानित, तालुक्याच्या गावी. आम्ही पात्र आहोत का?

बहुधा हो. यूजीसीची २(एफ) आणि १२(बी) मान्यता आहे का, हे आधी कार्यालयात विचारा. ट्रस्टच्या किंवा खासगी संस्थांकडे काही योजना डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची) वैज्ञानिक संशोधन संस्था म्हणून मान्यता मागतात, आणि एनजीओ दर्पण क्रमांकही. हे कागद जमवायला महिने जातात. जाहिरात आल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही.

कागद पुरे असले तरी एकट्याने मोठा प्रकल्प मागू नका. ज्यांच्याकडे फ्लो सायटोमीटर आणि कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक आहे अशा संस्थेला मुख्य किंवा सहसंशोधक म्हणून घ्या आणि आपल्याकडे एक अरुंद, नेमका भाग ठेवा. देशभरातली यंत्रं बाहेरच्यांना वापरायला देण्यासाठी आय-स्टेम हे सरकारी पोर्टल आहे. चिपळूणहून नमुने मुंबईला नेऊन एका दिवसात वाचून आणणं शक्य आहे. त्यासाठी ७० लाखांचं यंत्र मागणारा प्रस्ताव पहिल्याच चाळणीत पडतो.

६. अर्ज केल्यापासून पैसे येईपर्यंत काय काय होतं?

जाहिरात येते. काही ठिकाणी आधी दोन-तीन पानांचं संकल्पपत्र, मग पूर्ण प्रस्ताव. तो पोर्टलवर चढवायचा. डीबीटीचं ई-प्रोमिस, बाकीच्यांची आपापली. प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं संमतिपत्र जोडायचं. पुढे प्राथमिक छाननी, बाहेरच्या परीक्षकांचे अभिप्राय, तज्ज्ञ समितीपुढे सादरीकरण, वित्त विभागाची संमती आणि शेवटी मंजुरी आदेश. आदेश हातात येईपर्यंत एक पावसाळा जातो असं धरून चाला. या मधल्या काळात निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला मुख्य संशोधक करू नका.

पोर्टल शेवटच्या दिवशी संथ होतं आणि आपल्याकडे जुलैत वीज आणि नेट दोन्ही दगा देतात. तीन दिवस आधी सबमिट करा. पीडीएफच्या मर्यादेपेक्षा मोठी फाइल पोर्टल कधी कधी निमूटपणे अर्धीच घेतं, म्हणून चढवलेली फाइल पुन्हा उतरवून शेवटचं पान दिसतंय का ते बघा.

७. कोकमात कर्करोगविरोधी गुण आहेत असं वाचलं. त्यावर प्रकल्प मिळेल का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. फक्त कोकमाच्या जागी कधी नरक्या हे झाड असतं, कधी करवंद, कधी समुद्रातला स्पंज. "अमुक अर्काने कर्कपेशी मरतात का" हा प्रश्न पुरेसा नाही, कारण पुरेसा ओतला तर कुठलाही अर्क पेशी मारतो. मीठसुद्धा मारतं.

कोकमाच्या सालीत, म्हणजे ज्याची आपण आमसुलं करतो तिच्यात, गार्सिनॉल नावाचं संयुग असतं. २००४ मध्ये बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ते पी-३०० आणि पीसीएएफ या एन्झाइमांना रोखतं. हिस्टोन प्रथिनांवर अ‍ॅसिटिल गट चढवून जनुकं उघडी करणं हे या एन्झाइमांचं काम. एक रेणू, त्याचं एक लक्ष्य आणि मोजता येईल असा एक परिणाम. मूलभूत प्रश्न म्हणतात तो असा.

सह्याद्रीतल्या नरक्याचंही तसंच. त्यातलं कॅम्प्टोथेसिन टोपोआयसोमरेज-१ या एन्झाइमला डीएनएवर अडकवून ठेवतं. पेशी डीएनएची नक्कल करताना त्या अडकलेल्या जागी आदळते आणि धागा तुटतो. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं त्याच कुळातली. म्हणजे "नरक्यात काही आहे का" हा प्रश्न सुटलेला आहे. "कॅम्प्टोथेसिनला दाद न देणारी पेशी टोपोआयसोमरेजमध्ये काय बदल करते" हा उघडा आहे आणि त्यासाठी जंगलात जाऊन झाड तोडावंही लागत नाही. झाड आणणारच असाल तर प्रश्न १४ पाहा.

८. आमचे एमटीटी चाचणीचे आकडे दर वेळी वेगळे येतात. परीक्षकांनी तेच पकडलं. कुठे चुकतं?

एमटीटी ही किती पेशी जिवंत राहिल्या हे रंगावरून मोजणारी चाचणी. चूक बहुधा पाच जागांपैकी एका जागी असते, म्हणून प्लेट जवळून बघू.

९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये कडेचे ३६ खळगे लवकर सुकतात. तिथलं माध्यम आटतं, क्षार आणि औषध दाट होतं आणि पेशी जास्त मेलेल्या दिसतात. कडेला नुसतं बफर भरा आणि आतल्या ६० खळग्यांतच काम करा. प्रत्येक खळग्यात ५,००० ते १०,००० पेशी, १०० मायक्रोलिटर माध्यमात. पेशी नळीच्या तळाशी बसतात, म्हणून दर ओळीआधी हलक्या हाताने ढवळा; नाहीतर पहिल्या ओळीत कमी आणि शेवटच्या ओळीत दुप्पट पेशी पडतात.

दुसरं, अर्क विरघळवायला घेतलेलं डीएमएसओ. अंतिम प्रमाण ०.५ टक्क्याच्या आत ठेवा आणि तेवढंच डीएमएसओ घातलेले, अर्क नसलेले खळगे तुलनेला ठेवा. नुसत्या माध्यमाशी तुलना केली तर द्रावकाचा परिणाम अर्काच्या नावावर जमा होतो.

तिसरं कोकणी अर्कांत हमखास नडतं. एमटीटी हा पिवळा रंग. जिवंत पेशी त्याचं जांभळ्या फॉर्मझानमध्ये रूपांतर करते. पण कोकम, आवळा, जांभूळ यांतली अँटिऑक्सिडंट्स पेशीशिवायही तेच करतात. मग मेलेल्या पेशींचा खळगासुद्धा जांभळा होतो. त्यासाठी पेशी नसलेले, फक्त अर्क आणि एमटीटी घातलेले खळगे हवेतच. अर्काचा स्वतःचा लाल रंगही ५७० नॅनोमीटरच्या वाचनात मिसळतो. एमटीटी घालण्याआधी अर्क काढून खळगा बफरने धुतला तर हे दोन्ही बरेच कमी होतं. शिवाय सल्फोरोडामिन-बी किंवा ट्रायपॅन ब्लू अशा वेगळ्या तत्त्वाच्या चाचणीने खात्री करा.

चौथं, निरोगी पेशींशी तुलना नसणं. पाचवं, मात्रा. कच्च्या अर्काची आयसी-५० (निम्म्या पेशींना रोखणारी मात्रा) जर ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या बरीच वर असेल, तर ती आशादायक म्हणून लिहू नका. ३०० वर पेशी मेल्या याचं कुणाला कौतुक नसतं. आणि एकाच दिवशीच्या तीन खळग्यांना तीन प्रयोग म्हणू नका. तीन वेगवेगळे दिवस, वेगवेगळ्या पिढीच्या पेशी, तेव्हा कुठे तीन.

९. कर्कपेशी कुठून आणायच्या? शेजारच्या कॉलेजकडून घेतल्या तर?

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून, म्हणजे एनसीसीएसच्या पेशीसंग्रहातून. मागणीपत्र भरावं लागतं आणि पेशी तिसऱ्याला न देण्याची हमीही. म्हणजे शेजारच्याकडून घेणं हा त्यांचा हमीभंग आणि तुमचा धोका. वाटेत बर्फ घालू नका आणि गाडीच्या काचेजवळ उन्हात ठेवू नका. आल्यावर फ्लास्क ३७ अंशांवर रात्रभर स्वस्थ राहू द्या, माध्यम दुसऱ्या दिवशी बदला.

तोंडाच्या कर्करोगावर काम करणाऱ्यांसाठी एक सापळा आहे. केबी ही पेशीमालिका वर्षानुवर्षं तोंडाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली. ती प्रत्यक्षात हेला आहे, म्हणजे १९५१ साली गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशींनी बाटलीत घुसखोरी केलेली. हेप-२ आणि चांग लिव्हर यांचीही तीच गत. चुकीची ओळख असलेल्या पेशींची जागतिक यादी खुली आहे, प्रस्ताव लिहिण्याआधी त्यात नाव शोधा. पेशींची ओळख पटवणारी डीएनएची एसटीआर चाचणी आणि पेशींत लपणाऱ्या जिवाणूंसाठी दर महिन्याची मायकोप्लाझ्मा चाचणी बजेटमध्ये धरा.

१०. पावसाळ्यात इनक्युबेटरमध्ये बुरशी येते, वीज जाते. अशा ठिकाणी पेशीसंवर्धन जमेल का?

जमतं, पण तयारी मे महिन्यात करावी लागते. एसीच्या जाळ्या धुवा, पुठ्ठ्याची खोकी पेशींच्या खोलीतून हलवा (बुरशी तिथेच पोसते), इनक्युबेटरमधल्या पाण्याच्या तबकात निर्जंतुक शुद्ध पाणी भरून दर आठवड्याला बदला. छत्र्या आणि ओल्या चपला व्हरांड्यात. एकदा बुरशी दिसली की तो फ्लास्क उघडायचाच नाही, तसाच ऑटोक्लेव्हमध्ये.

वीज गेल्यावर उणे ८० चा फ्रीझर न उघडता काही तास तग धरतो, रात्रभराची खात्री नाही. महत्त्वाच्या पेशी त्यात नको, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्येच हव्यात. त्याला वीज लागत नाही. "नायट्रोजन आणायचा कुठून?" असं लगेच विचारलं जातं. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी पशुसंवर्धन खात्याकडे तो नियमित येतो. खात्याचा साठा त्यांच्या कामाचा, तो मागू नका. मात्र पुरवठादार कोण आणि टँकर कधी येतो एवढं तिथे कळतं, आणि त्याच फेरीत आपलं कंटेनर भरून घेण्याचा दर ठरवता येतो. कार्बन डायऑक्साइडचा दुसरा सिलिंडर कायम भरलेला हवा. घाट बंद झाला की कोल्हापूरहून सिलिंडर येत नाही.

११. पेशंटच्या गाठीचा उरलेला तुकडा वापरायचा असेल तर?

नीतिमत्ता समितीची परवानगी आधी, नमुना नंतर. समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली असावी. कॉलेजकडे नसेल तर करार करून जवळच्या मेडिकल कॉलेजच्या समितीकडे जाता येतं; अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. संमतिपत्र पेशंटला कळेल अशा मराठीत हवं. "जनुकीय अनुक्रमण" लिहून अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे.

नमुना फॉर्मलिनमध्ये टाकायचा तर १० टक्के बफर्ड फॉर्मलिन, तुकड्याच्या दसपट. आरएनए हवा असेल तर फॉर्मलिनला शिवायचं नाही. तुकडा मिनिटांत आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात गेला पाहिजे. ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरना ही नळी कुठे ठेवली आहे ते माहीत नसेल, तर प्रकल्प तिथेच संपतो.

परदेशी संस्थेचा सहभाग असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. प्राण्यांवरचे प्रयोग असतील तर स्वतंत्र प्राणी नीतिमत्ता समिती, जनुकबदल केलेल्या पेशी असतील तर जैवसुरक्षा समिती.

१२. गावात मिसरी लावणाऱ्या बायका पुष्कळ. त्यांचं सर्वेक्षण हे मूलभूत संशोधन होईल का?

सर्वेक्षण हे साथरोगशास्त्र. उपयोगी आहे, पण त्याचं दार आयसीएमआर. कर्करोग नोंदणीचा राष्ट्रीय कार्यक्रमही १९८१ पासून तीच चालवते. तंबाखू भाजून मिसरी करताना त्यातल्या नायट्रोसअमाइनांचं, म्हणजे कर्करोग घडवणाऱ्या रसायनांचं, काय होतं, हिरडीच्या पेशीत त्यांनी डीएनएवर कुठल्या खुणा सोडल्या, असं विचारलंत तर तो मूलभूत प्रश्न झाला. एकाच गटातून दोन्ही करायचं असेल तर दोन वेगळे प्रस्ताव करा.

१३. बजेट आणि उपयोगिता प्रमाणपत्र, यात नेहमी काय अडतं?

जुन्या प्रकल्पाचं बजेट पुढे ओढलेलं असतं. संशोधन संस्थांना मिळणारा ५ टक्के सवलतीचा जीएसटी जुलै २०२२ मध्ये बंद झाला. त्या हिशेबाने यंत्र मागितलं तर मंजूर रकमेत ते बसत नाही. कोटेशनमध्ये कर वेगळा दाखवून घ्या. माणसांचा पगारही बघा: १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलो) दरमहा ३७,००० आणि एसआरएफला (वरिष्ठ) ४२,००० रुपये, वर घरभाडं गावाच्या वर्गवारीप्रमाणे.

खरेदी आधी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर बघायची. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल झाले आणि कोटेशनशिवायच्या थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख झाली. ती आपल्या कॉलेजला लागू आहे का, हे आदेशाची प्रत वाचून लेखापालांनी ठरवावं. ऐकीव माहितीवर बिल फाडू नये.

वर्षअखेरीला खर्चाचा तक्ता आणि जीएफआर (केंद्राचे वित्तीय नियम) १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र. अनुदानावर मिळालेलं व्याज आपलं नसतं, ते सरकारला परत जातं. रसायनांच्या खात्यातले पैसे न विचारता प्रवासावर टाकले तर ती रक्कम नामंजूर होते, मग खर्च कितीही खरा असो. हिशेब अडला की पुढचा हप्ता अडतो, आणि हप्ता अडला की जेआरएफचा पगार.

१४. झाड किंवा समुद्री जीव गोळा करायला परवानगी लागते का?

वनक्षेत्रातून आणायचं तर वनखात्याची. संरक्षित प्रजाती असेल तर प्रश्नच नाही; प्रवाळांना तर हातही लावू नका. जैवविविधता कायदा २००२ चा. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. भारतीय संशोधकाला केवळ अभ्यासासाठी राष्ट्रीय प्राधिकरणाकडे जावं लागत नाही, पण निष्कर्ष किंवा नमुना परदेशी सहकाऱ्याला देताना आणि पेटंटच्या वेळी नियम लागू होतात. महाराष्ट्राचं जैवविविधता मंडळ नागपूरला आहे. गोळा केलेल्या वनस्पतीचा वाळवलेला नमुना वनस्पतीसंग्रहात क्रमांकासह ठेवा. त्या क्रमांकाशिवाय चांगली नियतकालिकं लेख घेत नाहीत.

१५. एमएस्सी झालं. या क्षेत्रात शिरायची वाट कुठली?

सीएसआयआर-यूजीसी नेट, डीबीटीची बीईटी, आयसीएमआरची जेआरएफ. अ‍ॅक्ट्रेकची पीएचडी प्रवेशप्रक्रिया वेगळी असते आणि पदवी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची मिळते. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची लघुमुदत विद्यार्थीवृत्ती आहे.

१६. या योजनांतून पेशंटच्या उपचाराला पैसे मिळतील का?

नाही. त्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

१७. आमच्याकडे पिढीजात औषध आहे, कर्करोग बरा होतो. सरकार तपासून देईल का?

या उत्तरांतल्या संस्थांचं ते काम नाही. आयुष मंत्रालयाच्या संशोधन योजना आहेत, पण तिथेही संस्था आणि पात्र संशोधक लागतो. तोवर जाहिरात करू नका: १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्यात कर्करोगाचं नाव आहे. आणि पेशंटचे चालू उपचार थांबवायला तर मुळीच सांगू नका.

१८. प्रकल्प चालू असताना मुख्य संशोधकाची बदली झाली तर?

प्रकल्प व्यक्तीच्या नावावर मंजूर होतो, पैसा संस्थेच्या खात्यात येतो, म्हणून गुंता होतो. दोन वाटा आहेत. सहसंशोधकाला मुख्य करायचं, किंवा प्रकल्प नव्या संस्थेत हलवायचा. दोन्हींना अनुदान देणाऱ्या खात्याची लेखी मंजुरी, जुन्या प्राचार्यांचं ना हरकत पत्र आणि त्या तारखेपर्यंतचा हिशेब लागतो. यंत्रं सोबत न्यायची की नाही हे मंजुरी आदेशातल्या अटींवर ठरतं, म्हणून आदेश पुन्हा वाचा. जेआरएफचा करार जुन्या कॉलेजशी असतो, त्याला नवं नेमणूकपत्र द्यावं लागतं. ते विसरलं तर मधल्या महिन्यांचा पगार कुठल्याच खात्यातून निघत नाही. पेशी हलवण्याआधी एनसीसीएसला दिलेली हमी पाहा (प्रश्न ९), आणि द्रव नायट्रोजनचं कंटेनर एसटीच्या पार्सलात टाकू नका.